शंभर किलोमीटरला पाच पॉइंट नऊ

रोझविताने तिसऱ्यांदा भागाकार केला. उत्तर तेच आलं. शंभर किलोमीटरला पाच पॉइंट नऊ लिटर.

समोर तिचा नवरा ओटमार ब्रेत्झेल या खारट पावाला लोणी फासत बसला होता.

"काल टाकी काठोकाठ भरलीस ना?" तिने विचारलं.

"भरली की. पावती दिली ना तुझ्या हातात."

"आणि दिवसभर शहरातच होतास?"

"नाही, चंद्रावर गेलो होतो," तो म्हणाला. "अगं, दोन आज्या डायलिसिसला सोडल्या, एका आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, सगळ्यांना परत आणलं. श्टुटगार्टचे ते चढ आणि ते सिग्नल! ब्रेक दाबून दाबून पाय भरून आला."

रोझविताने पावती पुन्हा पाहिली. बुधवारी तिने स्वतः टाकी भरली होती आणि गुरुवारी संध्याकाळी त्याने. मधले एकशे नव्वद किलोमीटर एकट्या ओटमारचे होते, आणि तेवढ्यात जेमतेम अकरा लिटर डिझेल गेलं होतं.

गाड्यांच्या कारखान्यातल्या चाचणी विभागात तिने सव्वीस वर्षं काढली होती. गाडी कागदावर किती पिते आणि रस्त्यावर किती, हे मोजणं हेच तिचं काम. दारातली ती दोन टनांची जुनी आलिशान गाडी तर तिला स्वतःच्या रक्तदाबासारखी ठाऊक होती. शहरात तिला दहा लिटर लागायचं, थंडीत अकरा. सहाच्या खाली ती उतरायची फक्त मोकळ्या महामार्गावर, ताशी एकशे दहाच्या एकसारख्या वेगाने तासभर चालवली तर.

म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोचवणारा माणूस अशी गाडी चालवत नाही.

निवृत्तीनंतर ओटमारने दर गुरुवारचं हे सेवेचं काम धरलं, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. आता तिला बाकीचंही दिसायला लागलं. गुरुवारी तो घोटून दाढी करायचा. चांगला स्वेटर घालायचा. शुक्रवारी सकाळी बाथरूममधून त्याची शीळ ऐकू यायची. सहासष्टाव्या वर्षी हे काय?

तीन दिवस तिने कळ काढली. सोमवारी जेवताना राहवेना.

"या घरातून एका माणसाला तू घालवलंयस, ओटमार. आता मलाही घालवायचंय का?"

त्याने चमचा खाली ठेवला.

"फ्राउकेचा विषय आता कशाला?"

"कारण ती तुझ्याशी भांडून गेली. सहा वर्षं झाली. एक फोन नाही, एक ओळ नाही. माझी एकुलती एक मुलगी!"

"चूक माझीच होती," ओटमार नेहमीसारखं म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

रोझविता तशीच बसून राहिली. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, याचा तिला नेहमी अभिमान वाटे. फ्राउके शाळेत असताना सायकलच्या मीटरवरून ती कुठे कुठे फिरली, हे रोझविता बिनचूक सांगायची. बापलेक हसायचे. पुढे फ्राउकेने तो मीटरच उपटून टाकला. तेवढ्या जवळ असलेली मुलगी बापाच्या एका रागापायी तुटली. आणि आता हा बाप कुठल्या बाईकडे जातो?

गुरुवारी तिने दातांच्या डॉक्टरचं निमित्त सांगून शेजारणीची लहानशी लाल गाडी मागून घेतली.

ओटमार शहरात वळलाच नाही. सरळ महामार्गाला लागला, उजवी बाजू धरून, ताशी एकशे दहा. चार गाड्या मागे राहून रोझविता स्टीअरिंग घट्ट धरून होती. डोंगराचा चढ गेला, पठार गेलं. उल्म शहरातल्या मोठ्या चर्चचा उंच मनोरा दिसू लागला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण कधीपासून ओठ चावतोय.

डॅन्यूबच्या काठाजवळ, पिवळ्या घरांच्या एका गल्लीत तो थांबला. आरशात बघून त्याने केस सारखे केले. रोझविताने कोपऱ्यावर गाडी लावली.

दार उघडलं. एक बाई अनवाणीच बाहेर आली आणि तिने ओटमारला घट्ट मिठी मारली. मग त्या बाईच्या मागून चारेक वर्षांची एक पोर "ओपा! ओपा!" अशी आजोबांना हाक मारत धावत आली. तिला आवरायला बाई वळली.

फ्राउके. केस कापलेले, जरा वाळलेली, पण फ्राउकेच.

रोझविताला हसूही आलं आणि रडूही. म्हणजे बापलेकीचं मिटलं! आणि हा खुळा माणूस अभिमानापायी लपवत बसला. फ्राउके मुलीला घेऊन घरात गेली, तशी रोझविता गाडीतून उतरून जवळजवळ पळतच निघाली. मनातल्या मनात तिने ओटमारला सगळं माफ करून टाकलं होतं.

डिकीतून पिशवी काढणाऱ्या ओटमारने तिला पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पिशवी तिथेच टाकून तो आडवा आला आणि त्याने तिचा दंड धरला.

"रोझविता, परत जा. ती बाहेर यायच्या आत जा."

"सोड! माझी नात आहे ती. तुझ्यावरचा राग तिने सोडला ना? मग मला कशाला अडवतोस? माझ्याशी काय वाकडं आहे तिचं?"

"माझ्यावर ती कधी रागावलीच नव्हती," ओटमार दबक्या आवाजात म्हणाला. "घर सोडलं त्या दिवशी तिने माझ्याकडून एकच शब्द घेतला होता. तुला तिचा पत्ता लागू द्यायचा नाही."