रांगेच्या टोकाला

आपण चुकीच्या रांगेत उभे आहोत हे मास्तरांच्या लक्षात आलं, तोवर स्पीकरवर ढोल सुरू झाला होता.

दांडियाच्या दोन रांगा समोरासमोर होत्या आणि त्यांची मुलगी त्यांच्याच रांगेत, चार-पाच माणसं सोडून पुढे होती. मान लांब केली तर तिची वेणी दिसायची, बाकी काही नाही. जिच्या समोर उभं राहायला मिळावं म्हणून या वयात हातात टिपऱ्या धरल्या, तिच्याच बाजूला जाऊन उभे राहिले. जन्मभर लोकांना गाडी शिकवली, लेन बघा, लेन बघा म्हणून घसा कोरडा केला, आणि स्वतःची ही तऱ्हा.

सरावाचा हा वर्ग त्यांच्या विहीणबाईंचा. लग्नाला मास्तर गेलेच नव्हते, त्यामुळे विहिणीचं तोंड त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. दारात टिपऱ्यांची जोडी हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही येणार हे तिला मी सांगितलेलं नाही. इथे बोलायचं नाही, नाचायचं. आणि ती निघून गेली, तर मी तिला अडवणार नाही."

"गेली तर गेली," मास्तर म्हणाले होते. म्हणायला काय जातंय.

ती त्यांचा फोन उचलत नव्हती. दार वाजवलं तर आतला दिवा बंद व्हायचा. लग्नाचं कानावर आलं त्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात, मास्तरांनी तिच्या थोबाडीत दिली होती. एकदाच. हे 'एकदाच' त्यांनी बायकोला, शेजाऱ्यांना आणि आरशातल्या स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं, की आता ते त्यांनाच खरं वाटेनासं झालं होतं. आज तिने नुसतं बघितलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

"काका, पायाकडे नका बघू. समोर बघा," समोरची चष्मेवाली म्हणाली. रोज सकाळी नवशिक्यांना ते हेच सांगत. उजवीवर उजवी, डावीवर डावी, मग स्वतःच्याच दोन टिपऱ्या एकमेकींवर, आणि सरकून पुढच्या माणसासमोर. हातांना जमत होतं. घरी लाटण्यांवर सराव केला होता, बायकोचं हसणं सोसून. पाय मात्र ऐकत नव्हते. उजवा तर सारखा ब्रेक शोधत होता.

"मला पलीकडच्या रांगेत जायचंय," ते घाईने म्हणाले.

"कशाला? टोकाला गेलं की आपण वळून पलीकडेच जातो. रांग फिरती असते, काका. इथे कुणी कुणाला चुकत नाही."

चष्मेवाली पुढे सरकली आणि मास्तरांनी मान लांब करून पुन्हा ती वेणी शोधली. आत्तापर्यंत चुकीची रांग हा एक बहाणा तरी होता.

मुलगी टोकाला पोचली. गिरकी घेऊन पलीकडच्या रांगेत शिरली आणि तोंड इकडे करून एकेक माणूस सरकत येऊ लागली. शेजारच्या बाईशी ती काहीतरी हसून बोलत होती. मग तिने मास्तरांना पाहिलं. हसू गेलं, हात चालूच राहिले. ती आता रांग सोडेल असं त्यांना वाटलं. दार उघडंच होतं. तिने एकदा तिकडे बघितलंही. विहीणबाई भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या, जागच्या हलल्या नाहीत.

आणखी एक माणूस सरकला आणि ती समोर आली. थोडी वाळली होती. काय करायचं ते मास्तर क्षणभर विसरले, मग शिकवल्याप्रमाणे त्यांनी उजवी टिपरी उचलली.

तिने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

बाकी कुणाला कळलंही नसेल. मास्तरांना कळलं. हात वरच राहिला. एकदाच, एकदाच, असं घोकत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती आणि ही पोर अजून त्या स्वयंपाकघरातच उभी होती. त्यांना इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्यांनी हात सावकाश खाली आणला. दोन्ही टिपऱ्या छातीसमोर आडव्या धरल्या आणि तसेच उभे राहिले. मागची माणसं अडली. कुणीतरी म्हणालं, "काका, सरका की पुढे."

मुलीने डोळे उघडले. आधी टिपऱ्यांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"हे काय? असं नसतं," ती म्हणाली.

"तू मार," मास्तर म्हणाले. न बोलण्याचं ठरलं होतं ते राहून गेलं. "मी नुसत्या धरतो."

तिने मारली. हलकीच, लागेल न लागेलशी. मग दुसरी, जरा जोरात. मग तिचा ढोलाशी काही संबंध उरला नाही. एक टिपरी निसटून मास्तरांच्या बोटांवर बसली, कळ कोपरापर्यंत गेली, त्यांनी बोटं आवळून पकड घट्ट केली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. अडलेली माणसं गुपचूप दोघांना वळसा घालून पुढे जाऊ लागली.

विहीणबाईंनी जाऊन स्पीकर बंद केला. दोन्ही रांगा थांबल्या. ती थांबली नाही, आणि मास्तरांनी हात खाली घेतले नाहीत.