उंबऱ्याजवळचं पान

वडप्याची शेती गोदामाला दिली, नवा बंगला उभा राहिला आणि हौसाबाईने त्यात संगमरवरी देव्हारा बसवून घेतला. जुन्या घरातले सगळे देव तिने पदराखाली झाकून आणले. फक्त भाविकाचा टाक आणला नाही. तिच्या मुलाची, सार्थकची, ही पहिली बायको वारली, तेव्हा तिच्या नावाचा चांदीचा टाक करून देवात ठेवला होता. दुसरीने तो रोज पुजायचा, अशी घरची रीत. पण नव्या सुनेच्या संसारावर मेलेलीची सावली नको, म्हणून हौसाबाईने कुणाला न सांगता तो कोनच्या खाडीत सोडला होता.

लग्नानंतरच्या पहिल्या पूजेला उन्नतीने देवांपुढे निवद मांडला आणि एक पान उंबऱ्याजवळ नेऊन ठेवलं.

"आनि ह्यो निवद कुनाचा गो?" हौसाबाईने हसून विचारलं.

"बाहेर त्या ताई उभ्या आहेत ना, आई, त्यांचा. मी आत या म्हटलं…



…तर म्हणाल्या, साडी निथळतेय, आईंचा नवा देव्हारा भिजेल."