एक उत्तर चुकलं

मोबाईलनं कौशल्याला अकराव्या प्रश्नात ओळखलं. ‘कौशल्या, एसटी कंडक्टर’ अशी ठसठशीत अक्षरं आली, वरून रंगीत फुलं उधळली गेली आणि खाली एक बारीक ओळ उमटली. ‘तुमचं एक उत्तर चुकलं.’

कौशल्यानं ती ओळ दोनदा वाचली. सकाळची गेवराईची पाळी करून ती नुकतीच घरी आली होती, अंगावरची खाकीसुद्धा उतरवली नव्हती. खेळताना मनात धरलं होतं ते स्वतःलाच. स्वतःबद्दलच्या प्रश्नात चूक कशी होईल? तिकिटाच्या मशीनवर पंधरा वर्षं बोटं चालवलेली बाई, भलतं बटण दाबणाऱ्यातली ती नव्हती.

“कोणतं चुकलं, दाखव बरं.”

शेजारी बसलेली ऋतुजा तिची भाची, सुट्टीला घरी आलेली. अंबाजोगाईला कॉलेजात कंप्युटर शिकत होती आणि हा खेळ तिनंच परीक्षेसाठी बनवला होता. गावातला कुणीही माणूस मनात धरायचा, विचारलेल्याला ‘हो’ नाहीतर ‘नाही’ म्हणत जायचं, शेवटी खेळ नाव सांगतो. ऋतुजानं हौसेनं यादी उघडली. बाई आहे का? नोकरी करते का? सगळं बरोबर. नवव्या ओळीवर मात्र लाल फुली.

‘नवऱ्यानं टाकलं आहे का?’ कौशल्याचं उत्तर, नाही. बरोबर उत्तर, हो.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे कुणी शिकवलं ह्याला?”

“मी न्हाई, आत्या! ह्यो तर कोराच होता. लोक खेळतात तसा शिकतो. हरला की विचारतो, कोण होतं मनात? आन् त्या माणसाला ओळखायला एक प्रश्न द्या. तुझ्यासाठी कुणीतरी हा दिला. मग म्होरच्या समद्यांना ह्यो तेच विचारतो. एक्केचाळीस जणांनी हो म्हणलंय.”

“आन् मी न्हाई म्हणले त्याचं काय?”

ऋतुजा घुटमळली. “तू एकटीच हायस ना. एखादा चुकून दाबतो, म्हणून जिकडं जास्त माणसं ते ह्यो खरं धरतो.”

वा रे शहाणा! नवरा हिचा, संसार हिचा, आणि चूकही हिचीच. गावात हे काम आजवर तोंडी चालायचं. आता त्याला चार्जर लागतो, एवढाच काय तो फरक.

ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या आईकडं, तुळजाबाईकडं, ती वळली. “माय, पंचांपुढं काडी कुणी मोडली व्हती? तू व्हतीस तिथं. सांग हिला.”

काडी मोडली की लग्न मोडलं, अशी त्यांच्यातली रीत. त्या दिवशी सासरच्या गावात पंचांनी काडी नवऱ्याच्या हातात दिली होती. कौशल्यानं ती हिसकून घेतली आणि स्वतः मोडली. सगळ्या पंचांनी बघितलं होतं, तुळजाबाईनंही बघितलं होतं.

“ते जुनं आता कावून उकरतीस?”

“सांग म्हणते ना.”

म्हातारीनं दाराकडं पाहिलं. आत शहादेव, कौशल्याचा भाऊ, जेवायला बसला होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, “त्यानं टाकली, असं मीच सांगितलं गावाला. टाकलेल्या लेकीला माहेरात कोपरा मिळतो, बये. टाकून आलेलीला कोण दारात उभं करतंय? तुझ्या भावानं खोली दिली ती टाकलेल्या भैनीला दिली.”

वीस वर्षं गावातल्या बाया कौशल्याला बघून चुकचुकत आल्या होत्या. लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणून ती सोडून देत आली. आणि ती जीभ तिच्याच घरातली निघाली!

तिनं ऋतुजाच्या हातातून मोबाईल घेतला आणि आईपुढं धरला. “मला मनात धर आन् खेळ. पोरगी वाचून दाखवंल. आज तरी खरं दाब.”

ऋतुजा वाचत गेली आणि म्हातारी दाखवलेल्या जागी बोट टेकवत गेली. नवव्या प्रश्नाला ऋतुजाचा आवाज बारीक झाला. “नवऱ्यानं टाकलं आहे का?”

तुळजाबाईचं बोट वरच्या वर थांबलं.

“काय चाललंय गं भाईर?” आतून शहादेवचा आवाज आला.

म्हातारीनं ‘हो’ दाबलं. आणखी दोन प्रश्न झाले, फुलं उधळली गेली आणि ओळ आली. ‘शाबास! सर्व उत्तरं बरोबर.’

कौशल्या उठली. खोलीत जाऊन तिनं पत्र्याची पेटी खेचत अंगणात आणली, मग गादीची वळकटी आणली, मग स्टोव्ह. तो आवाज ऐकून शहादेव उष्ट्या हातानंच बाहेर आला.

“अक्का, हे काय?”

“गेवराईत खोली बघते.”

“अगं कौसे!” तुळजाबाईनं शेंगांचं सूप ढकलून दिलं. “लोक काय म्हणतील? भावानं भाईर काढली म्हणतील!”

“म्हणतीलच.” कौशल्यानं वळकटी खांद्यावर घेतली आणि मोबाईल भाचीच्या हातात कोंबला. “ऋतुजा, लिही ह्यात. कौशल्यानं हे घर आपल्या मनानं सोडलं. आत्ताच लिही, लोक खेळायला बसायच्या आधी.”