भ्रामरीचा पहिला दिवस

"मावशी, पाठ ताठ ठेवा आणि डोळे मिटा," नीलम म्हणाली.

रतनबाईनं पाठ ताठ केली, पण डोळे काही मिटेनात. सकाळी सकाळी देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस बाया चटया टाकून बसल्या होत्या आणि तिच्यापासून तिसऱ्या चटईवर भामाबाई होती. तिची धाकटी जाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत अकरा वर्षं अबोला चालला होता. ही इथं येते हे आधी कळलं असतं, तर रतनबाईनं देवळाची पायरीसुद्धा चढली नसती.

तिला ओढून आणलं होतं सुनेनं, अनितानं. मालक जाऊन पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून रतनबाईच्या छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरनं छातीची पट्टी काढली, ती चांगली आली. झोपेच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. खरं दुखणं काय ते गावाला ठाऊक होतं. साहेबराव गेले तेव्हा ही बाई रडलीच नव्हती. बाया दारापासून गळा काढत आल्या, एकेक हिच्या गळ्यात पडून गेली आणि ही कोरडी ठाक, नुसती दाराकडं बघत बसलेली. 'दगडाची हाय बाई,' असं लोक म्हणाले. लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं?

नीलम योग शिकवायला कासुर्डीहून स्कूटीवर यायची. वयानं लहान, पण आवाज गोड होता. तिनं हात वर करायला लावले, मान फिरवायला लावली. रतनबाई एका हातानं पदर सावरत जमेल तसं करत राहिली. श्वास तेवढा जमेना. घेतलेला श्वास अर्ध्यावर यायचा आणि तिथंच अडायचा.

नीलम तिच्यासमोर येऊन बसली. "पूर्ण सोडा की मावशी. धरून कशाला ठेवलाय?"

"सुटतच न्हाई गं बाई," रतनबाई म्हणाली.

तिसऱ्या चटईवरची मान जराशी वळली आणि पुन्हा सरळ झाली. रतनबाईनं ते पाहिलं आणि तिला रागच आला. दीर गेला तरी दारात पाय न टाकणारी ही, आता कशाला बघते?

"आता भ्रामरी," नीलम म्हणाली. "अंगठ्यांनी कान बंद करायचे, बोटं डोळ्यांवर ठेवायची. तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा. लाजायचं नाही. कुणाचं कुणाला ऐकू येत नाही."

रतनबाईनं कान दाबले. पहिला आवाज डासाएवढा निघाला. दुसरा बरा आला. तिसऱ्याला मात्र सगळं डोकं त्या आवाजानं भरून गेलं. देऊळ राहिलं नाही, सून राहिली नाही, तिसरी चटई राहिली नाही. आपल्याला कुणी ऐकत नाही, असं तिला वाटलं. फार बरं वाटलं. आणि छातीवरचं जातं हललं.

तोंड कधी उघडलं ते तिला कळलं नाही. भुंग्याचा आवाज मोठा झाला, फाटला आणि त्यातून शब्द बाहेर पडले. "धनी ओ, कसं टाकून गेलासा मला... कुणाच्या मांडीवर डोकं ठिवू ओ..."

गळ्यात एक हात पडला. अनिता असेल, असं वाटून रतनबाईनं डोळे उघडले. समोर मनगटावर गोंदलेली तुळस होती. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत दोघी जावांनी शेजारी बसून गोंदून घेतलेली. तशीच तिच्याही मनगटावर होती.

"माझ्या भावजी ओ," भामाबाईनं गळा काढला, "थोरल्या घराचा खांब गेला ओ..."

रतनबाईनं तिला दूर लोटलं नाही. दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि रडली. पाच महिन्यांचं रडली. बायांनी एकेक करून कानावरचे अंगठे काढले. दोघीतिघी पुढं सरकल्या, बाकीच्यांनी बसल्या जागी डोळ्यांना पदर लावला. नीलम मात्र घाबरली. काय करावं ते न सुचून तिनं स्वतःची पाण्याची बाटली आणली आणि दोघींच्या मध्ये धरून उभी राहिली.

आवाज ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, "मावशी, मला कितीतरी वेळ कळलंच नाही. सगळ्यांचे कान बंद होते. तुम्हाला कसं ऐकू आलं?"

भामाबाईनं पदरानं नाक पुसलं. बोलली ती नीलमशी, पण हात जावेच्या खांद्यावरच होता.

"त्या दिशी म्या दारापत्तूर गेले हुते, बाई. भिंतीच्या आड हुबी राहिले. अबोल्याच्या घरात उगं कसं शिरायचं? आतनं आक्काचं रडणं ऐकू आलं की शिरायचं, असं मनाशी धरलं हुतं. सांज झाली, पर आवाज न्हाई आला. मग माघारी गेले." तिनं जावेचा खांदा दाबला. "तवापासनं कान उघडंच ठिवल्यात."

त्या दिवशी रतनबाईनं अख्ख्या गावाला गळ्यात पडू दिलं आणि ती दाराकडं बघत राहिली, ते कुणाच्या आवाजासाठी, हे आता सांगून काय होणार होतं? तिनं पाण्याची बाटली घेतली आणि आधी जावेच्या हातात दिली.

"अजून दोन आवर्तनं राहिलीत," नीलम चाचरत म्हणाली. "करायची का?"

बाया आपापल्या चटयांवर सरळ बसल्या आणि अंगठे कानांवर गेले. भामाबाई तिसऱ्या चटईवर परत गेली नाही. एकाच चटईवर दोघी जावा खेटून बसल्या, डोळे मिटले, आवाजही काढला. कान तेवढे दोघींनीही बंद केले नाहीत.