ताळा

"या इंग्रजी लिहिणाऱ्यांना वाक्य कुठं संपवायचं ते कळत नाही," बाबा चष्मा सारखा करत पुटपुटले. "विषाणूवाल्यांना तर मुळीच नाही."

"तुमची रशियन वाक्यं तेवढी चार शब्दांत संपतात वाटतं," आई मटार सोलता सोलता म्हणाली.

बाबांनी पुढे सरकवलेला रशियन कागद थोरल्या लेकीनं घेतला. लशीच्या खोक्यात घालायचं पत्रक. संध्याकाळी पाचला छापायला जायचं होतं.

रीत बाबांनीच घातलेली. इंग्रजीचं रशियन ते करणार. मूळ कागद न बघता थोरली त्याचं पुन्हा इंग्रजी करणार. मग दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून ताळा पाहायचा. जुळला तरच बाबांची सही. चाळीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, असं ते आल्यागेल्याला सांगत.

गेले सहा महिने थोरली मूळ कागद चोरून बघत होती. बाबा दुपारी लवंडले की त्यांचं रशियन गुपचूप दुरुस्त करायची. ताळा जुळायचाच. मागच्या आठवड्यात मात्र एक चूक तिच्याही नजरेतून निसटता निसटता राहिली. तेव्हाच तिनं ठरवलं होतं.

आज तिनं मूळ कागदाला हात लावला नाही. रशियनमध्ये जे होतं तेच इंग्रजीत उतरवलं आणि बाबांसमोर ठेवलं.

त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर अडलं.

"मुळात जिवंत विषाणू आहे, कमजोर केलेला. तू मेलेला लिहिलंयस."

"तुमच्या रशियनमध्ये मेलेला आहे, बाबा."

"शक्यच नाही." त्यांनी रशियन कागद ओढला. वाचला. पुन्हा वाचला.

"डॉक्टर पहिली ओळ बघतात. मेलेला म्हटल्यावर ही लस औषधांनी प्रतिकारशक्ती खचलेल्या पोरालाही टोचतील." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि त्याच्या अंगात तो विषाणू वाढेल."

"कळतं मला. तुझ्या जन्माआधीपासून कळतं." बाबांनी तो शब्द खोडला. त्या जागी काय लिहायचं ते मात्र पेनातून उतरेना. बराच वेळ उतरेना. "एक चूक," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एक. माणूस आहे मी."



आईनं मटारचं ताट बाजूला सारलं. तिला रशियनचं एक अक्षर येत नव्हतं. पण ते झोपले की टेबलाशी कोण जाऊन बसतं, हे तिला रोज दिसत होतं.

"एक नाही हो," ती म्हणाली. "सहा महिने तुमच्या चुका पोरगी पोटात घालतेय. तुम्हाला आता होत नाही. पेन द्या तिच्याकडे."