बीटाचा रंग

“गर्भ चांगला आहे. पण त्याला रुजायला जागा नाही,” पडद्यावरची पातळ रेघ दाखवत डॉक्टर म्हणाल्या. “हे गर्भाशयाचं अस्तर. इतक्या गोळ्या दिल्या तरी जाड होत नाही. आता गोठवून ठेवलेला एकच गर्भ शिल्लक आहे, म्हणून पुन्हा विचारते. हिमानी, लहानपणी कधी टीबी झाला होता? कधी कधी तो गर्भाशयात उतरतो आणि अस्तर खाऊन टाकतो. तसं असेल तर आधी दुर्बिणीतून आत पाहू. घाई केली तर हाही गर्भ जाईल.”

हिमानीने आईकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याने, उन्मेषनेही सासूकडेच पाहिलं. लहानपणाचं आईलाच ठाऊक असणार.

“नाही जी,” शोभाताई म्हणाल्या. “आमच्या घरी कोणालेच नाही.”

“मग याच महिन्यात गर्भ आत सोडून पाहू,” डॉक्टर म्हणाल्या. “ थांबून अस्तर वाढेल असं दिसत नाही.”

शोभाताईंचं उत्तर इतकं चटकन आलं होतं, जसं काही जिभेवर तयारच होतं. आणि ते होतंच. कन्हानला असताना हिमानी नववीत खोकायला लागली. शोभाताईंनी दवाखान्यातून आणलेल्या टीबीच्या गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरल्या आणि ताकदीच्या म्हणून दिल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल होऊन पोर घाबरली, तसं रोज ताटात बीट वाढलं आणि रंगाचं खापर बीटावर फोडलं. पुढे लग्न व्हायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती आता उघडायची तर जावयासमोर उघडावी लागणार होती, आणि त्याच्यामार्फत त्याच्या आईसमोर, प्रयागबाईंसमोर. फसवून दिलेल्या सुनेला त्यांनी घरात ठेवलं असतं की नाही, कोण जाणे.

बाहेर बाकावर बसल्यावर उन्मेषने पिशवीतून डबा काढला. “माझ्या आईनं बीट किसून दिलं आहे. रक्त वाढते म्हणे, अस्तरही वाढते. खाऊन घे. मी खालून पाणी आणतो. आई, तुम्ही पण घ्या थोडं.”

तो जिना उतरला. खिडकीखाली सीताबर्डीच्या ऑटोंचा गोंगाट चालला होता. हिमानीने झाकण उघडलं. शोभाताईंना तो रंग बघवेना.

“हिमानी, नववीत तुले बीट खाऊ घालत होती ना मी...”

“मले मालूम आहे, आई.”

“काय मालूम आहे वं?”

“ते बीटानं होत नव्हतं. कॉलेजात असताना कन्हानच्या दवाखान्यातली सिस्टर भेटली होती बसस्टँडवर. खोकला परत आला नाही ना, म्हणे. टीबीचा कोर्स मधातच सोडला नाही म्हणून शाबासकी दिली मले.”

लेकीच्या गुडघ्याकडे गेलेला शोभाताईंचा हात अर्ध्यावरच राहिला.

“मंग आत काहून नाही बोलली?”

“तू बोलते का, ते पाहून राहिली होती.”

हे ती रागाने म्हणाली असती तर शोभाताईंना बरं वाटलं असतं. तिचा आवाज नुसता थकलेला होता.

आतून सिस्टरने पुढच्या बाईचं नाव पुकारलं. एक जोडपं उठून आत गेलं. जिन्यावर उन्मेषची पावलं वाजली. हिमानीने चमचाभर बीट घेतलं आणि तोंडाजवळ नेऊन थांबली.

“तो आला, आई. तू सांगते त्याले, का गुपचूप खाऊ मी बीट?”