सापासाठी खोली

उजवी बाजू गरम, डावी गार. काचेच्या पेटीत दोन्हीकडे एकेक थर्मामीटर चिकटवून धाकटा गुडघ्यांवर बसला होता आणि आकडे वाचत होता. डावी बाजू अजून हवी तेवढी गार होत नव्हती. त्याला घोर लागला होता. बायको तापानं फणफणली होती तेव्हा याच माणसाला घरातला थर्मामीटर सापडला नव्हता.

पेटीत कॉर्न स्नेक राहायला येणार होता. बिनविषारी, नारिंगी, बोटाएवढा जाड. दुकानदारानं बजावलं होतं, आधी घर लावा, मगच साप न्या. धाकट्यानं घर लावलं. तळाला लाकडाचा भुसा पसरला. लपायला दोन गुहा ठेवल्या, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, म्हणजे पाहुण्याला जिथं बरं वाटेल तिथं दडता यावं. अंग बुडवून बसता येईल एवढं पाण्याचं भांडं. चढायला फांदी. झाकणाला घट्ट चाप, कारण हा प्राणी फटीतून निसटण्यात पटाईत. फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी गोठवलेले उंदीर. ते पाहून बायको एवढंच म्हणाली, "आइस्क्रीम आता तूच खा."

तुम्ही म्हणाल, काय ही हौस! हौस कसली डोंबलाची. आईला घरी राहायला येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

आई आजवर थोरल्याकडे राहायची. थोरल्याची परदेशी बदली झाली. आता तिला धाकट्याशिवाय घर नव्हतं, आणि धाकट्याकडे तिसरी खोली चक्क रिकामी होती. नाही म्हणावं तर लोक तोंडात शेण घालणार. हो म्हणावं तर रोज तिचं खोकणं ऐका, गोळ्या आणा, दवाखाने करा. मग त्याला आईची सापाची भीती आठवली. त्या भीतीची गोष्ट नातेवाइकांत गाजलेली होती. नळाची रबरी नळी हलली तरी ती किंचाळायची. पुस्तकातलं चित्र दिसलं तरी किंचाळायची. सगळी गल्ली पोट धरधरून हसायची. ऑफिसच्या पार्टीत धाकटा त्या किंकाळीची हुबेहूब नक्कल करून टाळ्या मिळवायचा. घरात साप म्हटल्यावर आई आपणहून म्हणणार, "नको रे बाबा, मी आपली वृद्धाश्रमात बरी." आपण दोनदा आग्रह करायचा, डोळे पुसायचे आणि मोकळं व्हायचं.

"म्हणजे तू आईंना घराबाहेर काढतोयस," बायको म्हणाली.

"मी कुठं काय करतोय? तीच नको म्हणेल." धाकट्यानं झाकणाचे चाप पुन्हा ओढून पाहिले. तिसऱ्या खोलीतली खिडकीजवळची खाट तर त्यानं आधीच काढून माळ्यावर टाकली होती.

साप आला. डब्यातून काढून तो पेटीत सोडला बायकोनं. धाकटा उंबऱ्याबाहेर उभा राहून सूचना देत होता. त्याचं म्हणणं असं, की मालकाचा वास एकदम आला तर साप बिचकतो.

मग आई आली. थोरल्यानं तिला दारात उतरवलं, टॅक्सी थांबवून ठेवली होती, तसाच विमानतळाकडे पळाला. पाणीसुद्धा प्यायला नाही. धाकट्यानं आईच्या बॅगेला हात लावला नाही. तो तिला थेट तिसऱ्या खोलीत घेऊन गेला.

"काय करू आई, आधी कळलं असतं तर आणलाच नसता. आता याला कुठं टाकू? मुका जीव आहे."

आई पेटीपुढे उभी राहिली. किंचाळली नाही. धाकट्याला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, दिसत नसेल बिचारीला. त्यानं भराभर चाप काढले आणि झाकण उचललं.

"अगं बघ ना नीट! साप आहे! खराखुरा!"

साप फांदीवरून वर सरकला. काठावरून त्यानं डोकं बाहेर काढलं आणि सावकाश धाकट्याच्या मनगटावर आला.

"आई गं!"

ती किंकाळी खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकली. धाकटा उडी मारून खुर्चीवर चढला. डोळे गच्च मिटलेले, हात लांब धरलेला. सापसुद्धा गोंधळून जागच्या जागी थांबला.

आई पुढे झाली. एका हातानं मधोमध, दुसऱ्या हातानं शेपटीकडून आधार देत तिनं साप हलकेच सोडवून घेतला. पेटीत ठेवला. झाकण लावलं, सगळे चाप बसवले. मग खुर्चीजवळ येऊन तिनं त्याचं मनगट पदरानं पुसलं.

"काही नाही झालं. उतर खाली."

बायकोनं बॅग आत आणून ठेवली. "आई, माळ्यावरची खाट काढते. खिडकीशीच टाकू ना?"

"टाक गं. उजेड बरा आहे तिथं."

धाकटा अजून खुर्चीवरच होता. त्याचा आवाज फाटला. "पण तू तर सापाला घाबरतेस! सगळ्यांना माहितेय!"

"मी कुठली घाबरतेय? तू घाबरायचास," आई म्हणाली. "गल्लीतली पोरं तुला हसायची रे. म्हणून तू किंचाळायच्या आत मी किंचाळायला लागले."